काकूंची मनी

मुलांनो, ही गोष्ट २००४ सालची आहे. तेव्हा मी नववीत होतो आणि आम्ही भायखळ्याला राहत होतो. आमच्याच मजल्यावर एक काकू राहत. मे महिन्यात त्या बारा दिवसांसाठी कोकणात गावी निघाल्या. त्यांनी आपली मांजर, मनी, माझ्यावर सोपवली. रोजचे दहा रुपये ठरले. अम्मी म्हणाली, "शेजाऱ्यांच्या कामाचे पैसे कसले घ्यायचे?" काकू म्हणाल्या, "घेऊ दे हो त्याला. पैसे घेतले की काम विसरत नाही माणूस."

काकूंनी मला सगळे समजावून सांगितले. सकाळ-संध्याकाळ उकडलेली मासळी आणि थोडा भात द्यायचा. पाण्याचे भांडे जेवणाजवळ ठेवायचे नाही. रेतीचे घमेले रोज साफ करायचे. दूध मुळीच द्यायचे नाही, कारण पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही, पोट बिघडते. (आपल्या पुस्तकांतील चित्रांत मात्र मांजर नेहमी दूधच पिते!) शेवटी त्यांनी मला एक वही दिली. मनीने काय खाल्ले, किती खाल्ले, ते रोज वहीत लिहायचे होते.

पहिल्या दिवशी मनी पलंगाखाली लपून बसली. मी तिला ओढून बाहेर काढू लागलो, तेव्हा तिने माझा हात ओरबाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन घास खाल्ले. संध्याकाळी मी बशी भरून ठेवली आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी गल्लीत क्रिकेटचा सामना होता. मी काकूंच्या घरी गेलोच नाही. रात्री वहीत लिहिले, 'मनी दोन्ही वेळा जेवली.'

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले आणि माझ्या पोटात गोळा आला. बशी तशीच भरलेली होती. तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या. मनी कोपऱ्यात मान टाकून पडली होती. मला वाटले, तिला ताप असेल. मी घरातून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी आणली. तेवढ्यात अब्बा आले. त्यांनी ती गोळी माझ्या हातातून काढून घेतली आणि मनीला झाकणाच्या टोपलीत ठेवले. आम्ही टॅक्सीने परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयात गेलो.

डॉक्टरांनी विचारले, "हिने शेवटचे कधी खाल्ले?"

अब्बांनी वही उघडली. "काल रात्री," ते म्हणाले.

"मग फार काळजी नाही," असे म्हणून डॉक्टर हात धुवायला वळले.

मी गप्प उभा होतो. टोपलीतून मनीचा आवाजही येत नव्हता. मग मी कसेबसे म्हणालो, "वहीत खोटे लिहिले आहे. परवा सकाळपासून हिने काहीच खाल्लेले नाही."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टर परत फिरले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि जिवाला धोका होतो, असे त्यांनी सांगितले. आणि ती गोळी? ती मांजराला विषासारखी असते. त्यांनी मनीला कातडीखाली सलाइन दिले. जेवण कोमट करून द्या, म्हणजे त्याचा वास सुटेल, असे ते म्हणाले.

त्या रात्री मी काकूंची जुनी साडी जमिनीवर पसरली आणि तिच्याशेजारी मुकाट्याने बसलो. मनीला हात लावला नाही, हाकही मारली नाही. बऱ्याच वेळाने ती स्वतःच आली, साडीचा वास घेतला आणि बशीला तोंड लावले.

काकू परतल्या तेव्हा मी वही त्यांच्या हाती दिली. तिसऱ्या दिवसाची ओळ खोडून खाली खरे लिहिले होते. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले, पण बोलल्या काहीच नाहीत. एकशेवीस रुपये त्यांनी पुढे केले, ते मी घेतले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात किल्ली कोणाकडे द्यावी, याचा विचार काकू दोन दिवस करत होत्या. किल्ली माझ्याकडे आली. वहीही तीच आली, खोडलेल्या ओळीसकट.

स्वाध्याय
१. मनीला दूध का द्यायचे नव्हते?
२. डॉक्टर परत का फिरले?
३. वाक्यात उपयोग करा : पोटात गोळा येणे, मान टाकणे, तोंड लावणे.