ईदची रजा आणि खरा अर्ज

रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले होते. जुमाच्या नमाजनंतर मशीद रिकामी झाली, तरी एक तरुण मागच्या सफमध्ये बसून राहिला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा, वसतिगृहात राहणारा मुलगा. दिनदर्शिकेत ईदची जी सुट्टी छापली होती, तिच्या आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही. तीस रोजे पूर्ण झाले आणि ईद एक दिवस पुढे, म्हणजे नेमकी त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी आली. तोपर्यंत तो गावी पोहोचला होता. वडिलांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून तापाचा दाखला मिळवून दिला. महाविद्यालयाने तो स्वीकारला आणि परीक्षा नंतर घेतली. "मौलाना, ईद तर झाली," तो म्हणाला, "पण त्या कागदाचं काय?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०२७ मध्ये रमजान ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि २०२८ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस येईल, तीही चंद्रदर्शनावर अवलंबून. हे दिवस आपल्याकडे परीक्षांचे असतात. म्हणून घराघरांत या विषयाचा विचार आधीच व्हावयास हवा.

प्रथम पाहू, त्या दिवशी दीन आपल्याकडून नेमके काय मागतो. ईदच्या नमाजची वेळ सूर्य वर आल्यापासून जवालपर्यंत असते. हनफी मसलकात ही नमाज पुरुषांवर वाजिब असून ती जमातीनेच अदा होते. एखाद्याची एक जमात चुकली तर त्याने दुसरी जमात शोधावी, एकट्याने तिची कजा नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य कुटुंबे शाफई आहेत. त्यांच्याकडे ही नमाज सुन्नत-ए-मुअक्कदा असून ती एकट्यानेही अदा करता येते, चुकल्यास तिची कजाही करता येते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग नोंदला आहे. चंद्र दिसल्याची साक्ष घेऊन काही स्वार दिवस बराच वर आल्यावर पोहोचले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) लोकांना रोजा सोडण्यास आणि ईदगाहवर दुसऱ्या सकाळी जाण्यास सांगितले. चंद्राची बातमी उशिरा येणे ही अडचण तेव्हाही होती आणि तिच्यासाठी शरीअतने वाट ठेवलेली आहे.

सकाळी सातची जमात आणि अकराची परीक्षा एकाच शहरात असतील, तर केवळ नमाजसाठी परीक्षा सोडण्याचे कारण उरत नाही. पण ईद म्हणजे दोन रकाती एवढेच नव्हे. त्या दिवशी रोजा ठेवणेसुद्धा निषिद्ध आहे. तो आनंदाचा, आप्तांना भेटण्याचा दिवस आहे. त्या दिवशी आईजवळ असावे असे त्या मुलाला वाटले, यात मला काहीही गैर दिसत नाही. रजा मागणे हा त्याचा दोष नव्हताच.

याउलट, जे दीनने मागितलेले नाही ते दीनच्या नावावर मागू नये. सूरह अल-जुमुआमध्ये अजान होताच व्यवहार थांबवण्याचा आणि नमाज संपल्यावर पुन्हा पृथ्वीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याचा आदेश आहे. शुक्रवारी दुपारी तासभर मागावा. संपूर्ण दिवसाची गैरहजेरी जुमाच्या नावावर टाकू नये. रमजानमध्ये सायंकाळच्या प्रात्यक्षिकातून इफ्तारसाठी काही मिनिटे मागावीत. महिनाभर वर्ग बुडवणे हा रोजाचा भाग नाही.

आता तो कागद. खोटी साक्ष हे प्रेषितांनी (सल्ल.) महापापांत गणले. ती गोष्ट सांगताना ते टेकून बसले होते ते सरळ उठून बसले आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नसलेल्या तापाचा दाखला ही लेखी खोटी साक्षच होय, आणि ती इथे एका इबादतीच्या दिवसासाठी दिली गेली! लिहिणारा डॉक्टर, आणणारे वडील आणि सादर करणारा मुलगा, तिघेही तिच्यात सहभागी. मला अधिक खेद वडिलांचा वाटला.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात २०२२ साली एक कायदा झाला. तेथील शासकीय विद्यापीठांत विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात धार्मिक कारणासाठी तीन दिवस अनुपस्थित राहता येते व चुकलेली परीक्षा पर्यायी पद्धतीने देता येते. त्यासाठी सत्र सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्या तारखा लेखी कळवाव्या लागतात, आणि शिक्षकाने त्याच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी शंका घ्यायची नाही. आपल्याकडे असा नियम नसला तरी ही रीत घेण्यासारखी आहे. सत्राच्या आरंभीच अर्ज द्यावा आणि त्यात संभाव्य दोन्ही तारखा 'चंद्रदर्शनानुसार' असे लिहून नोंदवाव्यात. हजेरीची ७५ टक्क्यांची अट असेल तर ती इतर दिवशी भरून काढावी. नकार मिळाला तर तो लेखी मागावा व वर दाद मागावी. दाखला विकत घेऊ नये.

जे आपण मागतो ते इतरांनाही मिळावे. २०२३ मध्ये २९ जून रोजी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकत्र आल्या, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतील मुस्लिमांनी कुरबानी दुसऱ्या दिवशी केली. हनफींकडे कुरबानीचे तीन दिवस आहेत, शाफईंकडे चार. म्हणून हे सौजन्य दीनच्या मर्यादेतच होते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एका दिवशी आली, तेव्हा ईद-ए-मिलादची शासकीय सुट्टी २९ तारखेस देण्यात आली. महाविद्यालयातही संवत्सरीला जैन मित्राची आणि गुड फ्रायडेला ख्रिस्ती मैत्रिणीची प्रयोगशाळेतील पाळी आपल्या मुलामुलींनी घ्यावी. आणि आपल्या समाजाने चालविलेल्या महाविद्यालयांत वेळापत्रक करताना संवत्सरी किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन कोणी पाहतो का, हेही एकदा विचारून घ्यावे. उत्तर कदाचित सुखावह नसेल.

त्या तरुणाला मी म्हटले, "बेटा, तौबा कर. आणि ज्यांना तो कागद दिलास, त्यांना जाऊन खरं सांग." तो दोन आठवड्यांनी विभागप्रमुखांकडे गेला. तिथे काय झाले, हे त्याने सांगितले नाही व मीही विचारले नाही. पुढच्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तो रजेच्या अर्जाचा मसुदा घेऊन आला. शुद्धलेखन तपासून हवे होते. तारखा दोन लिहिल्या होत्या आणि खाली वडिलांची सही होती.