विहिरीचे पाणी कशाने बिघडते?

मंडळी, पूर्वी आपल्याकडे नारू होता. जुन्या माणसांना विचारा. पायाला फोड येई. त्यातून दोऱ्यासारखा दोन-तीन फूट लांब जंत निघे. ऐन पेरणीत गडी अंथरुणाला खिळे! असा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की जंत पाण्यात पिले सोडी. ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जात. तेच पाणी लोक पीत. वर्षभराने नवे रोगी दिसत. पाणी बिघडले ते आपल्याच पायांनी.

लोक पाणी फडक्याने गाळू लागले, पायऱ्या बंद झाल्या, तेव्हा नारू हटला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला.

जुलाब, कावीळ मात्र अजून आहेत. उघड्यावरची घाण पावसात विहिरीत उतरते. तिचे जंतू फडक्यात अडकत नाहीत. पाणी उकळावे, नाहीतर विहिरीत टीसीएल पावडर टाकावी. ती कधी टाकली, हे पंचायतीत जाऊन विचारा.