दियत्रफेस आणि पहिली जागा

वाचन : ३ योहान ९-१२, स्तोत्र १०५:१२-१५



योहानाचं तिसरं पत्र पाच मिनिटांत वाचून होतं. आधी ते वाचा, मग पुढे या.

दियत्रफेसच्या शिकवणीत योहान चूक काढत नाही, हे लक्षात आलं का? तक्रार सगळी वागण्याची आहे. त्याला पहिली जागा हवी. तो प्रेषिताचं ऐकत नाही, मागून वाईट बोलतो, आलेल्या भावांना घरात घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. आपण मात्र पास्टरचा उपदेश तेवढा तपासतो. ‘वचन भारी सांगतात’ म्हटलं की झालं!

सिएटलची मार्स हिल चर्च अशीच वाढली. १९९६ साली सुरुवात, नंतर १५ ठिकाणी उपासना, आठवड्याला १२,००० वर माणसं. मार्क ड्रिस्कॉलचे व्हिडिओ आपल्याकडचीही मुलं बघायची. २००७ मध्ये सत्ता मोजक्या हातांत देणाऱ्या नियमांवर प्रश्न विचारणाऱ्या दोन वडिलांना काढलं गेलं. २०१४ मध्ये २१ माजी पाळकांनी लेखी आरोप केले. चर्चच्या मंडळाने चौकशी करून सांगितलं की अनैतिक काही सापडलं नाही, पण अहंकार, चटकन चढणारा राग, कठोर बोलणं आणि हुकमी कारभार होता. ऑक्टोबरमध्ये ड्रिस्कॉलने राजीनामा दिला आणि १ जानेवारी २०१५ पर्यंत ती चर्चच संपली. पुढच्याच वर्षी त्याने ॲरिझोनात नवी चर्च काढली. मागे राहिलेल्या हजारोंचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

(‘नार्सिसिस्ट’ हा शब्द हल्ली रीलवर कुणालाही चिकटवतात. मी नाही वापरत. योहानाने दिलेले शब्द पुरेसे आहेत.)

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे एवढा पसारा नसतो. पाड्यावरची आठ-दहा घरं, ओसरीवर प्रार्थना, एकच पास्टर दादा. दशांश त्याच्याकडे, हिशोबही त्याच्याकडे. पण इथे संगती मोडली की घाव जास्त खोल जातो. प्रभूकडे आलेलं घर गावदेवाच्या पूजेतून बाहेर पडलेलं असतं, भाऊबंद दुरावलेले असतात. मंडळीही गेली की ते घर ना इकडचं, ना तिकडचं.

मोखाड्याकडच्या एका ताईला तिच्या पुढाऱ्याने बजावलं होतं, “संगती सोडलीस तर घरावरचं संरक्षण उठेल.” दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली, तिथे पोरगं तापाने फणफणलं. तिला दवाखान्याआधी आठवली ती पुढाऱ्याची माफी! ती संगती आता बंद पडलीय, भीती मात्र अजून आहे. अभिषिक्तांना हात न लावण्याचं वचन आलं की ती बायबल मिटते.

म्हणून ते वचन जिथे आहे तिथेच वाचू. स्तोत्र १०५ मध्ये अभिषिक्त कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं घराणं. मोजकी माणसं, परक्या मुलखात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारी. आणि देव धाक कुणाला घालतो? राजांना. म्हणजे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भट्टीवर जाणाऱ्या ताईच्या बाजूने उभं असलेलं वचन तिच्याच विरुद्ध वापरलं गेलं. याला मी गैरसमज म्हणणार नाही, ही चोरी आहे.

तुमच्या संगतीत पैशाचा हिशोब दुसरं कुणी बघतं का? पास्टरला ‘नाही’ म्हणणारा कुणी अजून टिकून आहे का? सोडून गेलेल्यांची नावं प्रार्थनेत कशी घेतली जातात? या आठवड्यात हे नीट बघा, आणि विचारायची भीती वाटली तर तीही लिहून ठेवा.

ताईला मी ‘दुसऱ्या चर्चला चल’ म्हणत नाही. सध्या ती शेजारणीबरोबर अंगणात बसून स्तोत्र वाचते, कधी नुसतीच बसते. योहानही शेवटी शाई-लेखणी बाजूला ठेवतो, समोरासमोर भेटू म्हणतो, आणि मित्रांना एकेकाचं नाव घेऊन सलाम पाठवतो. पावसाआधी ती भट्टीवरून परत येईल, तेव्हा मी मोखाड्याला जाणार आहे.