लिंबोळी नव्हे, बकाण! (झाडांच्या नावांची माहिती)

गुरुजींनी मला या वेळी झाडांच्या नावांवर लिहायला सांगितले. आधी मला वाटले, यात काय लिहायचे? वड म्हणजे वड आणि चिंच म्हणजे चिंच. पण मागच्या थंडीत आमच्या घरी एक प्रकार घडला. तो आधी सांगतो.

माझा धाकटा चुलतभाऊ पाच वर्षांचा आहे. तो मळ्याच्या वाटेने येताना मूठभर पिवळी फळे घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, लिंबोळ्या खा." त्याने एक तोंडात टाकली पण होती. मीही एक उचलली. तेवढ्यात आजीने बघितले. हातातले सूप टाकून ती धावली. "थुक आधी! थुक! आरं, पुस महिना हाय. पुसात लिंबोळ्या कुठून आल्या? लिंबोळी पिकती मिरग निघाल्यावर. हे बकाण हाय, इख असतंय त्यात."

तिने त्याच्या तोंडात बोट घालून फळ काढले आणि चूळ भरायला लावली. त्याने चावले नव्हते म्हणून बरे झाले. तरी काकू त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी रात्रीपर्यंत लक्ष ठेवायला सांगितले. काही झाले नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण "पिवळी झाली की लिंबोळी गोड लागते" हे त्याला उन्हाळ्यात मीच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर दोन नावे लिहिली. लिंबाचे शास्त्रीय नाव अझाडिरॅक्टा इंडिका आणि बकाणाचे मेलिया अझेडरॅक. मोठ्याने म्हणून बघा. अझाडिरॅक्टा, अझेडरॅक. दोन्ही एकाच शब्दापासून आलेत! फारसी भाषेत 'आझाद' म्हणजे स्वतंत्र आणि 'दरख्त' म्हणजे झाड. आझाद दरख्त म्हणजे स्वतंत्र झाड. म्हणजे माझ्या भावासारखा घोटाळा मोठ्या माणसांचाही होत होता. 1753 साली ही दोन्ही झाडे मेलिया या एकाच घराण्यात लिहिली होती. पुढे 1830 साली फ्रान्समधल्या द ज्युस्यू नावाच्या शास्त्रज्ञाने लिंबाचे घर वेगळे केले.

आता फरक कसा ओळखायचा ते सांगतो. हे लहान भावंडांना नक्की दाखवा. लिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी पाने असतात. बकाणाच्या काडीला आणखी काड्या फुटतात आणि पाने त्यांना असतात. लिंबाचे फूल पांढरे असते, बकाणाचे जांभळट असते. लिंबोळी लांबट असते. बकाणाचे फळ गोल असते, ते थंडीत पाने गळाल्यावरही झाडाला घोसाने लोंबत राहते. त्याच्या बीला मधोमध भोक पडते, म्हणून त्याच्या माळा करतात. पण ते फळ तोंडात घालायचे नाही म्हणजे नाही.

आपण लिंब म्हणतो, पुस्तकात कडुनिंब लिहितात. सुट्टीत पुण्याहून आलेली माझी आतेबहीण मला हसली. ती म्हणाली, "लिंब काय, लिंबू म्हण!" तेव्हा मला उत्तर आले नाही. आता येते. संस्कृतमध्ये 'निम्ब' आहे. बोलताना न चा ल झाला. नवनीताचे जसे लोणी झाले तसेच निंबाचे लिंब झाले. म्हणजे आपले काही चुकत नाही. पाडव्याला गुळाबरोबर खातो तो पाला लिंबाचाच.

मग शास्त्रीय नाव कशाला पाहिजे? तर बाहेरचा माणूस लिंब म्हटल्यावर लिंबू आणून देईल. जगात सगळीकडे चालणारे एक नाव असावे म्हणून स्वीडन देशातल्या लिनिअस नावाच्या शास्त्रज्ञाने 1753 साली मोठा ग्रंथ छापला आणि प्रत्येक झाडाला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या झाडाचा. आपल्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव नंतर असते, अगदी तसेच.

गंमत अशी की लिनिअसचे आडनावच एका झाडावरून पडले आहे. त्याच्या वडिलांना आधी आडनाव नव्हते, नुसते बापाचे नाव लावत. त्यांच्या घराण्याच्या जमिनीत लिंडन नावाचे मोठे झाड होते, त्यावरून त्यांनी लिनिअस हे आडनाव घेतले. आपल्याकडे गावांची तशीच नावे आहेत. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली, आणि लातूरजवळचे बाभळगाव.

लिनिअस कधी भारतात आला नव्हता. मग त्याला आपली झाडे कशी कळली? त्याच्याही आधी केरळात कोची येथे व्हान ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता. त्याने तिथल्या झाडांवर 12 भागांचा ग्रंथ केला. तो 1678 ते 1693 या काळात हॉलंडमध्ये छापला. झाडांची माहिती इटी अच्युतन या वैद्याने सांगितली. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट असे तिघे कोकणी वैद्यही मदतीला होते. त्या ग्रंथातल्या चित्रांवर झाडांची नावे आपल्या नागरी अक्षरांतही आहेत. लिनिअसने तो ग्रंथ वापरला. मला हे वाचून लई आनंद झाला.

आता चिंच. चिंचेचे शास्त्रीय नाव टॅमरिंडस इंडिका. अरबी लोक खजुराला 'तमर' म्हणतात. आपल्याकडून गेलेली वाळकी चिंच त्यांना खजुरासारखी दिसली, म्हणून ते तिला तमर हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणू लागले. त्याचेच टॅमरिंड झाले. चिंचेला खजूर! एकदा चाखून तरी बघायची! आणि दुसरी गोष्ट, 'इंडिका' म्हणजे भारतातली. पण चिंच मुळात आफ्रिकेतली आहे. ती फार जुन्या काळी इकडे आली. नाव खोटे पडले तरी ते तसेच चालू आहे.

मला सगळ्यात आवडले ते आपट्याचे नाव, बौहिनिया रेसिमोसा. चारशे वर्षांपूर्वी युरोपात बौहिन नावाचे दोन सख्खे भाऊ होते, योहान आणि गास्पार. दोघेही वनस्पतींचे अभ्यासक. त्यांच्या आडनावावरून बौहिनिया हे नाव पडले. आपट्याचे पान आठवा. दोन पाने एका देठावर चिकटल्यासारखी असतात ना? लिनिअसने लिहिले की जोडपानाच्या झाडाला या दोन भावांचे नाव बरोबर शोभते. दसऱ्याला आपण सोने म्हणून वाटतो, त्यात हे दोघे भाऊ आहेत. कांचनही याच घराण्यातला. पुष्कळ जण दसऱ्याला चुकून कांचनाच्याच फांद्या तोडून आणतात. कांचनाचे पान मोठे असते, आपट्याचे लहान आणि जाड असते.

बाभळीचे नाव मात्र बदलले. आधी ते अकेशिया निलोटिका होते. अकेशिया हे ग्रीक भाषेतल्या टोकाच्या, काट्याच्या शब्दावरून आले आणि निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची. पण ऑस्ट्रेलियात अकेशियाची झाडे शेकड्यांनी आहेत. 2005 साली व्हिएन्ना येथे शास्त्रज्ञांच्या परिषदेत अकेशिया हे नाव त्यांच्याकडे ठेवायचे ठरले. 2011 साली तेच पुन्हा कायम झाले. म्हणून आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका झाली. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले तेव्हा वहीवर जुने नाव खोडून नवे लिहिले होते, तसेच पुस्तकांत करावे लागले. काटा मात्र पहिलाच आहे, मला परवाच टोचला.

वडाचे नाव फायकस बेंगालेन्सिस, म्हणजे बंगालचा. इंग्रजीत त्याला बनियन म्हणतात, कारण त्याच्या सावलीत बनिया म्हणजे वाणी लोक बसलेले गोऱ्या प्रवाशांनी पाहिले. निलगिरीचे झाड ऑस्ट्रेलियाचे, पण दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरात खूप लावले म्हणून आपल्याकडे डोंगराचेच नाव मिळाले. पळसाचे ब्यूटिया हे नाव ब्यूट नावाच्या एका स्कॉटिश सरदारावरून आहे. त्याचा पळसाशी काय संबंध, देव जाणे. आपल्याला पळसाची पत्रावळ माहीत.

चौथीच्या मुलांनी शाळेच्या आवारातल्या झाडांना पुठ्ठ्याच्या पाट्या बांधल्या आहेत. वर आपले नाव, खाली शास्त्रीय नाव. बकाण आवारात नाही, पण मळ्याच्या वाटेवरच्या त्या झाडाला मी आणि आजीने पाटी बांधली. तिच्यावर लाल खडूने "खाऊ नका" असेही लिहिले आहे. पावसात खडू जाईल, म्हणून काका रंग आणून देणार आहेत.

हापशाजवळच्या एका झाडाची पाटी अजून कोरी आहे. ते झाड गुरुजींनाही ओळखले नाही. पाने करंजासारखी आहेत, पण शेंगा वेगळ्या आहेत. आलेल्या पालकांपैकी कुणाला त्याचे नाव माहीत असेल तर चौथीच्या वर्गात येऊन सांगावे. आपल्याकडचे नाव सांगितले तरी चालेल, शास्त्रीय नाव आम्ही शोधू.