घरच्या घरी ध्वनिमुद्रण

नभोनाट्ये, श्राव्यपुस्तके, माहितीपट आणि अन्य भाषांतून मराठीत येणारे चित्रपट या सर्वांना आवाजाचा अभिनय लागतो. पूर्वी त्यासाठी आकाशवाणी केंद्राची किंवा एखाद्या ध्वनिमुद्रणगृहाची वाट धरावी लागे. आता इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणारा मराठी भाषकही आपल्या आवाजाचा नमुना घरूनच पाठवू शकतो. मात्र नमुना ऐकणाऱ्यासमोर कलाकार उभा नसतो. त्याच्यापाशी असतो तो केवळ मुद्रित आवाज. तो घुमणारा असेल, तर चांगला अभिनयही वाया जातो.

खोली आधी, यंत्र नंतर

‘कोणता मायक्रोफोन घ्यावा?’ हा नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक पहिला प्रश्न खोलीचा असावयास हवा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर जातो. दीड मीटरवरील भिंतीवर आदळलेला ध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच परत येतो. समोरासमोर बोलताना हा परतलेला ध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही. मुद्रणात मात्र त्यामुळे कोणी डब्यात तोंड घालून बोलत असल्यासारखे वाटते. फरशी, काच व गुळगुळीत भिंती ध्वनी परतवतात. कापूस, लोकर व जाड कापड तो शोषून घेतात. म्हणून मोकळ्या दिवाणखान्यापेक्षा गाद्या व कपड्यांनी भरलेली लहान खोली अधिक उपयोगी. दोरीवर दोन-तीन गोधड्या टाकून त्यांच्या आडोशाला उभे राहिले तरी आवाजात लगेच फरक पडतो. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. त्याचा लाभ फार थोडा.

गोधडी खोलीतील घुमणे कमी करते. रस्त्यावरची वाहने किंवा शेजारच्या कुकरची शिट्टी ती अडवत नाही. त्यासाठी पहाटेची किंवा रात्री उशिराची वेळ निवडावी आणि पंखा बंद ठेवावा.

अंतर आणि श्वास

तोंड व मायक्रोफोन यांत साधारण एक वीत अंतर असावे. तळहात तोंडासमोर धरून ‘फळा’, ‘भाकरी’, ‘पाणी’ हे शब्द उच्चारून पाहावेत. हाताला लागणारा वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर आदळला की ‘धप्’ असा आवाज उमटतो. यंत्र तोंडासमोरून किंचित बाजूला सरकवले, म्हणजे झोत निघून जातो व शब्द तेवढा मुद्रित होतो.

आवाजाची पातळी आधी तपासावी, तीही भूमिकेतील सर्वांत मोठ्या आवाजाच्या वाक्यावर. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. शून्याची मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज नंतर पुरता सुधारता येत नाही. ओरडण्याच्या प्रसंगी पाऊलभर मागे सरावे. कुजबुजताना थोडे जवळ यावे. हातवारे आणि चेहऱ्यावरील भाव दिसत नसले, तरी ते टाळू नयेत. हसतमुखाने उच्चारलेले वाक्य कानाला ओळखू येते.

उच्चाराची पारख

लिपी जे दाखवत नाही, ते मायक्रोफोन उघड करतो. ‘बाळा, या जगात एकट्याने जगता येत नाही,’ हे वाक्य पाहा. ‘जगात’ मधील ‘ज’ हा ‘जीवन’ या शब्दातल्यासारखा तालव्य, तर ‘जगता’ मधील ‘ज’ हा ‘जाळे’ या शब्दातल्यासारखा दंततालव्य आहे. लिहिताना दोन्ही सारखेच. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी भाषकांच्या बोलण्यात हा भेद अनेकदा पुसट होतो. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचेही तसेच. संहितेत अशा अक्षरांखाली मुद्रणापूर्वीच खुणा कराव्यात. अर्थात एखाद्या पात्राची बोलीच तशी असेल, तर तो उच्चार दोष ठरत नाही.

मुद्रणाच्या आरंभी दहा सेकंद काही न बोलता खोलीतील शांतता मुद्रित करावी. चुकीचा भाग कापल्यावर रिकामी जागा भरावयास ती उपयोगी पडते.

कृती : वरील वाक्य आधी स्वयंपाकघरात व नंतर गोधडीच्या आडोशाला मुद्रित करा. दोन्ही मुद्रणे दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐका आणि जाणवलेला फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.