कुंभारीत कुत्रा पाळताय? खाण्याचा हिशेब असा करा

आधी वजन बघा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. १५ किलोच्या प्रौढ गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. हा आकडा माहीत असला की दुकानात तुमच्या गळ्यात नको ते पडणार नाही.

नुसत्या भाकरीवर किंवा दूध-भाकरीवर ठेवू नका. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात; दुधाने अनेकांना जुलाब होतात. घरचं ताट असं: १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी (किलोला ४० धरून ६ रुपये), २ उकडलेली अंडी (१४), शिजवलेलं बिनहाडाचं १०० ग्रॅम चिकन (किलोला ३०० धरून ३०), चमचाभर करडईचं तेल (१). दिवसाला ५१, महिन्याला दीड हजाराच्या वर. तुमच्याकडचे भाव घालून आकडे बदला. कॅल्शियमसाठी अंड्याचं टरफल धुऊन, वाळवून, बारीक दळा. रोज अर्धा चहाचा चमचा पुरतो. जस्त आणि काही जीवनसत्त्वं तरीही कमी पडतात. त्यासाठी काय द्यायचं ते पशुवैद्याला विचारा आणि तो खर्च धरा.

तयार कोरडं खाद्य दिवसाला साधारण २४० ग्रॅम लागेल. किलोला २५० रुपये धरले तर ६० रुपये, महिन्याला १८००. म्हणजे फरक वाटतो तेवढा नाही. पिल्लासाठी पिल्लांचंच पाकीट घ्या, चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा द्या. घरच्या ताटावर प्रयोग नको. पूर्ण आहाराच्या पाकिटावर वर कॅल्शियमचं टॉनिक विकत असतील तर नको म्हणा. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं जास्तीच्या कॅल्शियमने बिघडतात.

उरलंसुरलं घालायचं तर जपून. शेंगा चटणीत लसूण, रश्श्यात कांदा-लसूण. दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेटही नको. चिकनची शिजवलेली हाडं आतड्यात टोचतात. साधी कडक भाकरी मात्र भिजवून चालते. विडी कामगारांच्या वसाहतीत राहणाऱ्यांना आग्रहाने सांगतो: तंबाखूचं सूप जमिनीवर ठेवू नका. थोडी तंबाखू खाल्ली तरी विषबाधा होते; उलट्या, लाळ, थरथर दिसली तर थेट दवाखाना गाठा.

दवाखान्यात जाताना लसीकरणाचं कार्ड, वजन आणि सध्याच्या खाण्याची यादी न्या. जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी औषध लागतं, पिल्लाला त्याहून लवकर.

गोणीतलं सुटं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यावर तारीख नसते आणि उघड्यावर तेल खवट होतं. बंद पाकीटच घ्या. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, वर एक रुपयाही देऊ नका. बिल मागा, जपून ठेवा. जादा पैसे घेतले किंवा मुदत संपलेला माल दिला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.