लांब ट्रॅकवर 5 गिगाबिट: प्री-एम्फसिस कसा जुळवावा

सेटिंगला हात लावण्याआधी ट्रॅक किती सिग्नल खातो ते मोजा. 5 गिगाबिटच्या निम्मी, म्हणजे 2.5 गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी धरायची आणि नेटवर्क अ‍ॅनालायझरवर तिथला लॉस वाचायचा. साध्या एफआर-4 बोर्डावर इंचाला साधारण अर्धा डेसिबल जातो. फूटभर ट्रॅकला सहाच्या आसपास.

मग दोन्ही टोकांची भरपाई बंद करा, पीआरबीएस-7 पॅटर्न सोडा आणि रिसीव्हरच्या पायांपाशी आय डायग्राम पाहा. स्कोप किमान 12 गिगाहर्ट्झचा हवा. पाच-सहा एक सलग येऊन मधेच एकटा शून्य येतो, तिथे नजर ठेवा. रेघ खाली यायला निघते आणि अर्ध्यातूनच परत फिरते. दुरुस्त करायचं आहे ते हेच.

आता ट्रान्समीटरचा डी-एम्फसिस, म्हणजे प्री-एम्फसिसचाच एक प्रकार, शून्यापासून एकेक पायरी वाढवा. बदलाचा बिट पूर्ण जोराने जातो, त्यामागचे तसेच बिट दबून. 3.5 डेसिबलला त्यांची पातळी दोन तृतीयांश होते, 6 ला निम्मी. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत 3.5 ठरलेला होता, दुसऱ्या पिढीत 6 ची सोय आली. दर पायरीला डोळ्याची आतली उंची मोजा. ती घटायला लागली की एक पायरी मागे या. सगळ्यात वरची सेटिंग लावून मोकळं व्हायचं, हे मला मुळीच पटत नाही. त्यात दबलेले बिट इतके खाली येतात की डोळा आतून मिटतो, आणि ज्या चिपमध्ये पहिला बिटच जादा उंचावतो तिथे शेजारच्या ट्रॅकवर क्रॉसटॉक वाढतो.

उरलेली भरपाई रिसीव्हरच्या इक्वलायझरवर सोपवा, पण बेताने, कारण तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो. त्याच्या पुढचा डोळा चिपच्या आत असतो, स्कोपला दिसत नाही. म्हणून एरर काउंटर वाचा. पीआरबीएस-31 वर 10 मिनिटांत 3 लाख कोटी बिट जातात. एकही चूक नसेल, तर चुकांचं प्रमाण लाख कोटी बिटांमागे एकाहून कमी आहे असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं.

वागळे इस्टेटच्या गाळ्यात हे करताना पावसाळा हिशेबात धराच. एफआर-4 ओल शोषतो आणि लॉस वाढतो. बोर्ड तापला की आणखी. मे महिन्यात एसीत जेमतेम पास झालेला बोर्ड जुलैत चुका देऊ शकतो. म्हणून बोर्ड काही दिवस दमट हवेत उघडा ठेवा, कॅबिनेटमध्ये तापू द्या आणि चाचणी पुन्हा घ्या. निवडलेल्या सेटिंगच्या एक पायरी अलीकडे आणि एक पलीकडेही तपासा. तिन्ही ठिकाणी काउंटर शून्यावर राहिला, तरच ते आकडे फर्मवेअरमध्ये घाला.